नवी कोरी की जुनी बरी?

हातात ९५ हजार रुपये, घरात आजारी आजी आणि सल्ला द्यायला तयार असलेला सगळा गाव! पिंगुळीतल्या एका घरानं पहिली चारचाकी घेताना केलेला हा हिशेब. तुमच्याही घरात सध्या हाच विषय चालू असेल तर जरा कागद-पेन घेऊनच वाचा.

आमच्या खळ्यात गेली वीस वर्षं गाडी उभी आहे. बाबांची रिक्षा. पिंगुळी ते कुडाळ स्टेशन, बाजार, दवाखाना, शाळा हा त्यांचा रोजचा फेरा. त्यामुळे आपल्याकडे गाडी नाही असं मला कधी वाटलंच नव्हतं. ते वाटलं गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात, आजीला बांबोळीला न्यायची वेळ आली तेव्हा.

सिंधुदुर्गातल्या माणसाला बांबोळी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मोठं दुखणं आलं की गोवा मेडिकल कॉलेज. आमच्याकडून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. रिक्षाचं परमिट इथलं, ती गोव्यात न्यायची सोय नाही. आणि असती तरी सत्त्याहत्तर वर्षांच्या आजीला भर पावसात एवढ्या लांब रिक्षात कोण बसवणार? मग भाड्याची गाडी. पहाटे निघायचं, ओपीडीच्या रांगेत बसायचं, संध्याकाळी परत. एका फेरीचे साडेतीन हजार. तीन महिन्यांत सहा फेऱ्या झाल्या. एकवीस हजार गेले.

सहाव्या फेरीनंतर बाबा ओटीवर बसून म्हणाले, ‘‘बाय, आता चारचाकी बघूक व्हयी.’’

मी कुडाळच्या एमआयडीसीत एका कंपनीत कामाला आहे. पगार २२ हजार, नोकरी कंत्राटी. तीन वर्षांत ९५ हजार साठवले होते. ‘कंत्राटी’ हा शब्द लक्षात ठेवा. हिशेबात तो परत येणार आहे.

सल्ले फुकट, गाडी विकत

गाडी घ्यायची हे कळल्यावर घरी माणसं यायला लागली. मैत्रीण म्हणाली, ‘‘नवीनच घे. हप्ता भरायचाच आहे तर दुसऱ्याच्या जुन्या गाडीसाठी कशाला?’’ मुंबईचा मामा फोनवर म्हणाला, ‘‘पहिली गाडी नेहमी सेकंडहँड घ्यावी. शिकताना चार ठिकाणी घासणारच आहेस.’’ शेजारचे काका म्हणाले, ‘‘जुनी गाडी म्हणजे म्हातारी म्हस. दूध थोडां, खाणां भारी.’’ आणि आई हळूच म्हणाली, ‘‘लोक म्हणतील, घेतली ती पण जुनी.’’

आईचं वाक्य हसण्यावारी नेऊ नका. गाडीच्या बाबतीत या ‘लोक काय म्हणतील’नं भल्याभल्यांना पाणी पाजलंय. टाटांची नॅनो आठवते? १० जानेवारी २००८ला दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये ती पहिल्यांदा दाखवली, ‘लाखाची गाडी’ म्हणून जगभर गाजली. स्कूटरवर पावसात भिजत जाणारं चौघांचं कुटुंब बघून रतन टाटांना ती सुचली होती. म्हणजे अगदी आपल्यासारख्यांसाठीच. पण ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का तिला असा चिकटला, की ज्यांच्यासाठी केली त्यांनाच ती दारात उभी करायला कमीपणा वाटू लागला. पुढे टाटांनीही हे बोलून दाखवलं. २०१८मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

उलट मारुती ८०० बघा. डिसेंबर १९८३मध्ये पहिली गाडी रस्त्यावर आली, २०१४च्या जानेवारीत शेवटची बनली. या तीस वर्षांत कितीतरी घरांनी ती सेकंडहँड, थर्डहँड घेतली. कोणाला लाज वाटली नाही. कारण गावोगावचा मेकॅनिक ती डोळे मिटून खोलायचा आणि पार्ट कुठेही मिळायचा. लोक चार दिवस बोलतात, गाडी मात्र आपल्याला दहा वर्षं सांभाळायची असते. म्हणून आईला सांगितलं, लोकांचं नंतर बघू, आधी कागदावर मांडू.

शोरूममधला पहिला प्रश्न

नवीन गाडीचा विचार आम्ही अगदी मनापासून केला. त्याला कारणही होतं. छोट्या गाड्यांवर २८ टक्के जीएसटी आणि वर उपकर लागायचा. २२ सप्टेंबर २०२५पासून तो सरळ १८ टक्क्यांवर आला. चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना हा दर लागू झाला. आदल्या दिवशी सर्वपित्री अमावास्या आणि त्या दिवशी घटस्थापना. पितृपक्षात गाडीचं नाव न काढणारी माणसं दुसऱ्या दिवशी शोरूमच्या दारात! तेव्हा अल्टो के१०ची सुरुवातीची किंमत ३ लाख ७० हजारांच्या आसपास आली, एस-प्रेसोची साडेतीन लाखांच्या आसपास, तर वॅगन आर पाच लाखांच्या किंचित खाली.

आम्हीही गेलो. पहिला प्रश्न आला, ‘‘मॅडम, महिन्याला किती हप्ता जमेल?’’ गाडी कशासाठी हवी, किती चालणार, कोण चालवणार, हे कोणी विचारलं नाही. आमची पिंगुळी कळसूत्री बाहुल्यांचं गाव आहे. गुढीपूरच्या परशुराम गंगावणेंना याच कलेसाठी २०२१ची पद्मश्री मिळाली. बाहुली नाचत असली तरी दोरी कोणाच्या बोटात आहे ते बघायची सवय आम्हाला लहानपणापासून असते. हप्ता ही तशीच दोरी. ‘सात वर्षं केली तर फक्त इतकेच’ असं म्हणत ती सैल करून दाखवतात. पण जेवढी वर्षं वाढतील तेवढं व्याज वाढतं, हे गिऱ्हाइकानंच बघायचं.

शिवाय जाहिरातीतली किंमत आणि रस्त्यावरची किंमत यात अंतर असतं. उदाहरण म्हणून चार लाखांची पेट्रोल गाडी धरा. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या, दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के एकरकमी कर आहे. झाले ४४ हजार. विमा, नोंदणी आणि किरकोळ खर्च मिळून २६ हजार धरा. गाडी ४ लाख ७० हजारांना पडली. नवीन गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, त्यामुळे विम्याचा आकडा आपल्या अंदाजापेक्षा मोठा निघतो.

दोन रकाने, पाच वर्षं

घरी येऊन मी वहीत दोन रकाने पाडले. यातले व्याजदर मला सांगितले गेलेले आहेत आणि दुरुस्तीचे, पुनर्विक्रीचे आकडे आमचे अंदाज. तुमचे वेगळे असतील. पण मांडणी हीच ठेवा.

नवीन गाडी, ४ लाख ७० हजार. माझे ९५ हजार भरले, पावणेचार लाखांचं कर्ज. ९ टक्क्यांनी पाच वर्षं, हप्ता साधारण ७,७८५ रुपये. साठ हप्ते मिळून ४ लाख ६७ हजार. त्यात ९५ हजार मिळवा, पाच वर्षांच्या सर्व्हिसिंगचे २५ हजार मिळवा. एकूण ५ लाख ८७ हजार. पाच वर्षांनी गाडी २ लाख २० हजारांना गेली असं धरलं, तर पाच वर्षं गाडी वापरण्याचा खरा खर्च ३ लाख ६७ हजार.

जुनी गाडी, पाच वर्षं वापरलेली, २ लाख ३० हजार. माझ्यातले ६० हजार भरले, ३५ हजार लगेचच्या कामांसाठी बाजूला ठेवले. कर्ज १ लाख ७० हजार. जुन्या गाडीच्या कर्जाचा दर नेहमीच चढा असतो. मला १४ टक्के सांगितला. तीन वर्षं, हप्ता ५,८१०. छत्तीस हप्ते मिळून २ लाख ९ हजार. त्यात ते ९५ हजार, वर दरवर्षी दुरुस्तीचे १५ हजार म्हणजे पाच वर्षांचे ७५ हजार. एकूण ३ लाख ७९ हजार. पाच वर्षांनी ९० हजार तरी येतील असं धरलं, तर खरा खर्च २ लाख ८९ हजार.

आता गंमत बघा. दोन गाड्यांच्या किमतीत फरक होता २ लाख ४० हजारांचा. पाच वर्षांच्या खर्चात तो उरला ७८ हजारांचा. महिन्याला तेराशे रुपये!

म्हणजे ‘जुनी गाडी निम्म्या किमतीत’ हे अर्धसत्य. चढं व्याज आणि दुरुस्ती बराचसा फायदा खाऊन टाकतात. पण ‘तेवढ्याच हप्त्यात नवीन मिळते’ हेही अर्धसत्य. कारण नवीन गाडीत माझं आयुष्य साठ महिने ७,७८५ला बांधलं जाणार होतं, जुनीत छत्तीस महिने ५,८१०ला. आणि माझी नोकरी कंत्राटी! आजीच्या फेऱ्याही उपचार संपल्यावर कमी होणार होत्या. गरज वर्षभराची आणि कर्ज पाच वर्षांचं, हे गणित मला पटेना.

तुमची नोकरी पक्की असेल, रोज साठ-सत्तर किलोमीटर जाणं-येणं असेल आणि गाडी दहा-बारा वर्षं ठेवायची असेल, तर मात्र महिन्याला तेराशे जास्त देऊन नवीन गाडी घेणं अजिबात चुकीचं नाही. वॉरंटी, कमी व्याज आणि ‘आधीच्या मालकानं काय केलंय’ ही चिंता नाही. शिवाय सुरक्षितता. अल्टो के१०मध्ये २०२५पासून सहा एअरबॅग सगळ्या प्रकारांत आहेत. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या छोट्या गाडीत एखादीच सापडेल.

स्वस्तातली जीए

आमच्याकडे जुनी गाडी म्हटलं की नजर आधी गोव्याकडे जाते. अर्धा तालुका तिकडे कामाला. ‘जीए’ पाटीच्या गाड्या इथल्यापेक्षा स्वस्त पडतात असं सगळेच सांगतात. ओळखीतून अशी एक कळली. रंग चकचकीत, सीट कव्हर नवीन, एक लाख साठ हजार. माझा जीव लगेच अडकला.

बाबा आमच्या मेकॅनिककाकांना घेऊन आले. काकांनी इंजिन चालूही केलं नाही. ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. जो भाग नेहमी आत गुंडाळलेला असतो, त्यावर मातकट पट्टा. मग पायाखालचं मॅटिंग उचललं, खालून कुबट वास. सीटच्या रुळांवर गंज. काका बाजूला येऊन एवढंच म्हणाले, ‘‘पाण्यात बुडलली आसा.’’

२०१९च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली, २२ जुलै २०२१ला चिपळूण. महापुरात गाड्या बुडाल्या की त्या सगळ्याच भंगारात जात नाहीत. काही धुऊन, पुसून, रंगवून दुसऱ्या गावी विकायला येतात. वायरिंगमध्ये शिरलेलं पाणी आपला हिशेब वर्ष-दोन वर्षांनी मागतं, कधी लाइट जाऊन, कधी घाटात गाडी बंद पडून. ती गाडी कुठे बुडाली होती ते आम्हाला कळलं नाही. विकणाऱ्यानं ‘मला माहीत नाही’ म्हटलं आणि मान वळवली.

वर तो म्हणाला, ‘‘पेपर नंतर करून देतो, तुम्ही गाडी न्या.’’ इथे तर पाय मागेच घ्यावा. परराज्यातली गाडी म्हणजे तिथल्या आरटीओचा ना हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८. तो नसेल तर पुढचं काहीच हलत नाही. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर नवीन नोंदणी लागते. म्हणजे महाराष्ट्राचा कर गाडीच्या वयाप्रमाणे परत भरायचा, आणि गोव्यात भरलेला कर परत मिळवायला फेऱ्या मारायच्या. हे सगळं मिळवलं की स्वस्तातली जीए तेवढीशी स्वस्त राहत नाही. गोव्यातून गाडी घेऊच नका असं नाही. पण दाखला हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

नाव कोणाचं, जबाबदारी कोणाची?

शेवटी गाडी मिळाली ती जवळच, सावंतवाडी बाजूला. एमएच ०७, २०२०ची, एकच मालक, ३८ हजार किलोमीटर. मागत होते दोन साठ. बाबांनी सरळ सांगितलं, ‘‘नवीच जर एवढी उतरली, तर जुनी पण उतराक व्हयी.’’ मुद्दा बिनतोड होता. नवीन गाडीचा भाव खाली आला की जुनीचाही यायलाच हवा. चहा झाला, दोन तीसवर जमलं.

२०२०ची गाडी मुद्दाम निवडली. २०१९मध्ये बरेच नियम बदलले. एप्रिलपासून सगळ्या गाड्यांना एबीएस, जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग आणि सीटबेल्टचा इशारा सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ आलं. त्यामुळे जुनी घ्यायची तर निदान २०१९च्या मध्यानंतरची घ्या. त्याआधीच्या स्वस्त गाड्यांत ब्रेक लॉक होऊ न देणारी यंत्रणाही नसण्याची शक्यता मोठी. पावसात आंबोली घाट उतरताना तिची किंमत कळते. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. हल्ली मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे आणि २०२३च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. रबरी पाइप, सील वेळोवेळी बघून घ्यावे लागतात.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा आहे, पण खरी फसगत इथेच होते.

आपल्याकडे कित्येक गाड्या ‘आहेत यांच्याकडे, नाव अजून त्यांचंच’ अशा फिरतात. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलं, की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच कायद्यानं मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. गाडी मधल्या मध्ये चार हात फिरली असली तरी! म्हणून नाव बदलण्याची घाई विकणाऱ्यालाही हवी. आणि घेणाऱ्याचं काय? नाव नाही तर गाडी विकता येत नाही, तिच्यावर कर्ज मिळत नाही, विम्याच्या दाव्यात अडचण येते. मूळ मालक परगावी गेला किंवा वारला, तर सह्यांसाठी कोणाच्या दारात जाणार?

आम्ही केलं ते असं. आधी परिवहनच्या वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकून मालक, नोंदणीची तारीख, विमा, कर्जाचा बोजा आणि थकलेली ई-चलनं तपासली. चार चलनं निघाली. ती मालकानं भरल्यावरच टोकन दिलं. गाडीवर आधी कर्ज होतं, म्हणून बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ घेतला. फॉर्म २९ आणि ३०वर समोरासमोर सह्या केल्या. चासी नंबर आरसीशी जुळवून पाहिला. पैसे बँकेतून दिले, रोख नाही. विमा कंपनीला चौदा दिवसांच्या आत कळवून विम्यावर माझं नाव घातलं. लक्षात ठेवा, विकणाऱ्याचा ‘नो क्लेम बोनस’ त्याच्याबरोबर जातो. आपल्याला तो मिळत नाही, त्यामुळे फरक भरावा लागतो.

आणि एक. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी, नूतनीकरणाची फी आणि पर्यावरण कर. म्हणून कोणी २०१२ची गाडी ऐंशी हजारांत देत असेल, तर तिची किती वर्षं उरलीत ते आधी मोजा. गाडी शिकण्यापुरती ती ठीक, घराच्या आधाराला नाही.

कोकणातली गाडी कशी बघायची?

काकांकडून शिकलेलं थोडक्यात सांगते.

गाडी सकाळी बघायला जा, आणि आपण जाण्याआधी ती चालू करून ठेवू नका असं सांगा. थंड इंजिन खोटं बोलत नाही. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय.

ऑइलच्या झाकणाच्या आत पांढरट साय दिसली तर सावध व्हा. पाणी ऑइलमध्ये मिसळत असू शकतं.

मालवण, वेंगुर्ला, देवगडकडची किनाऱ्यावर राहिलेली गाडी खालून बघा. खारी हवा गाडी खालून खाते. दारांच्या खालच्या कडा, जॅक लावायची जागा, स्टेपनीचा खड्डा. वरचा रंग नवा असेल, पण हे कोणी रंगवत नाही.

टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३२१ म्हणजे २०२१चा तेविसावा आठवडा. ‘टायर नवीनच आहेत’ हे वाक्य इथे लगेच तपासता येतं.

मीटर ३० हजार दाखवतोय आणि क्लचच्या पॅडलचं रबर गुळगुळीत झालंय? मीटरवर विश्वास ठेवू नका. सर्व्हिसिंगची बिलं मागा.

महिनोन्‌महिने माडाखाली उभ्या असलेल्या, फक्त गणपतीला नि मे महिन्यात चालणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्यांचं किलोमीटर कमी असतं, पण वायरी उंदरांनी कुरतडलेल्या असू शकतात. बॉनेटखाली नीट बघा.

आणि मेकॅनिकला शंभर-दोनशेत गुंडाळू नका. त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी द्या. आमच्या काकांनी एक लाख साठ हजार वाचवले, ते एक सीटबेल्ट ओढून.

मग शेवटी काय?

आमच्या गाडीवर पहिल्याच महिन्यात खर्च झाला तो असा: चार टायर १४ हजार, बॅटरी साडेचार, ब्रेक, ऑइल, बेल्ट मिळून साडेसात, खालून गंजरोधक लेप तीन, आणि नाव बदलणं, विमा मिळून पाच. ३४ हजार. बाजूला ठेवलेल्या ३५मधला एक हजार उरला. ते ३५ हजार आधीच बाजूला काढले नसते तर पहिल्याच महिन्यात उधारी झाली असती आणि मी जुन्या गाडीला शिव्या घातल्या असत्या. जुनी गाडी घेणाऱ्यांची बहुतेक वेळा इथेच गफलत होते. सगळे पैसे किमतीत घालतात, गाडी जगवायला काही ठेवत नाहीत.

आणि नवीन घेणाऱ्यांची गफलत उलटी. ते हप्ता पगाराच्या कडेला नेऊन ठेवतात. पगार चुकला की सगळंच चुकतं.

म्हणून नवी की जुनी हे ठरवण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचारा. गाडी महिन्याला खरोखर किती चालणार? महिन्यातून एकदाच लागणार असेल तर अजूनही भाड्याची परवडते. दोन महिने पगार आला नाही तर हप्ता कुठून भरणार? आणि गाडी घेतल्यानंतर हातात किती उरतात? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर ती गाडी तुम्हाला महागच आहे. नवी असो की जुनी.

आईचं म्हणाल, तर ‘जुनी घेतली’ असं चार जण म्हणालेच. पाचव्या दिवशी त्यातल्याच एकानं विचारलं, ‘‘शनिवारी सावंतवाडीक सोडशीत काय?’’

नवीन गाडीचा हप्ता ७,७८५ होता, माझा ५,८१०. वरचे दोन हजार मी दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकत गेले. सहा महिन्यांत बारा हजार झाले, म्हणजे दोन हप्त्यांची सोय. आणि बरोबर तेव्हाच माझं कंत्राट संपलं. नवीन पत्र यायला पाच आठवडे लागले. तेवढे दिवस पगार नाही. एक हप्ता त्या खात्यातून गेला. बँकेचा फोन आला नाही, बाबांना कोणाकडे हात पसरावा लागला नाही. त्याच आठवड्यात आजीची तपासणी होती. पहाटे साडेचारला निघालो. झारापच्या पुढे चौपदरी रस्ता लागला आणि आजी मागच्या सीटवर झोपून गेली. पत्रादेवीच्या नाक्यावर जागी झाली, इकडेतिकडे बघत म्हणाली, ‘‘गाडयेचा भाडा किती ठरवलंस गो?’’

बाबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘‘भाडा नाय आजी. आपलीच आसा.’’